इवायाचे गुडघे शाबूत आहेत

आमच्या धामणगावात सध्या असं सांगतात की माझ्या इवायाचे गुडघे पार गेले होते आणि मी दिलेल्या तेलानं ते परत आले. परवा एक बाई रिकामी बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. मोताळ्याहून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, त्याच्या सासूसाठी. असलं कुठलंही तेल माझ्याकडे नाही, हे मी सांगून सांगून दमलो आहे. लोकांना वाटतं म्हातारा लपवतो. म्हणून आता लिहूनच टाकतो. इवायाचे गुडघे कधी गेलेच नव्हते. त्यांना काय झालं होतं ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते मीच केलं होतं.

इवाई म्हणजे व्याही. माझी मुलगी गावातल्या गावातच दिली आहे आणि तिचे सासरे ते माझे इवाई. वयानं माझ्याएवढेच. मका-कपाशीचे शेतकरी. बोलणं कमी. घर शाळेमागच्या मैदानाला लागून. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच चैन केली, ती म्हणजे रोज संध्याकाळी त्या मैदानावर शूटिंग बॉल खेळणं.

हा खेळ व्हॉलीबॉलचा गावाकडचा भाऊ. नेट तेच, चेंडू तोच, एका बाजूला सात माणसं. पण इथे फार उड्या नाहीत. दोन्ही हात जोडून चेंडू हाणायचा आणि तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. म्हणून पोट सुटलेली, नातवंडं झालेली माणसंही तो खेळतात. आमच्याकडे रोजचे चौदा गडी ठरलेले आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या. नेटजवळची डावीकडची जागा इवायाची. मैदानावर कोणी नवा आला तर त्याला ही जागा कोणाची हे विचारावं लागत नसे. तिथली माती त्यांच्या टाचांनी खोलगट झाली होती.

आता माझं. मैदानाच्या दुसऱ्या अंगाला माझं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीचे पंप. चेंडू दर दोन-चार दिवसांनी माझ्या मागच्या अंगणात येऊन पडायचा. मी तो उचलून पोत्यांमागे ठेवायचो आणि कोणी मागायला आलं की त्याला ऐकवायचो. धडधाकट माणसं, शेतात तण माजलंय आणि इथे चेंडू उडवतात. रिकामटेकड्यांचा धंदा. इवायाला तोंडावर म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे आणि चेंडू घेऊन जायचे.

मग मुलानं दुकान हाती घेतलं. मी गिऱ्हाइकांवर ओरडतो, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. ज्या माणसाला कोणतं औषध कोणत्या किडीला हे कळत नाही आणि तरी तो माझ्याशी वाद घालतो, त्याच्यावर ओरडू नको तर काय करू? पण मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी घरी आराम करा." घरी आराम सुरू केला तर बायको वैतागली.

"आवो, भाजीत मीठ किती टाकाव हे मले शिकवू नका," ती म्हणाली. "बाहीर जा. कुठंबी जा. पोरीच्या घरी जा."

म्हणून मी पोरीच्या घरी जायला लागलो. आणि तिथून इवाई मला मैदानावर न्यायला लागले. "चला इवाई, हवा खाऊ." मी सिमेंटच्या बाकावर बसायचो आणि चौदा म्हातारे ओरडताना बघायचो. पहिले काही दिवस मला खरोखर कीव येत होती. पलीकडच्या बाजूला आमचे शिंपीचाचा खेळायचे. त्यांच्या तोंडाला लगाम नाही. चेंडू कोणी सोडला की म्हणायचे, "अरे भाई, बॉल है, सासरा नहीं, आने दो उसको." मी हसायचो नाही.

एका संध्याकाळी चेंडू सरळ माझ्याकडे आला. मी चुकवायला पाहिजे होता. पण हात आपोआप जुळले आणि मी तो हाणला. तो नेटवरून गेला आणि पलीकडे कोणाला कळायच्या आत जमिनीवर पडला. हातांना चटका बसला. शिंपीचाचा म्हणाले, "दुकानवाले, ये युरिये का पोता नहीं है, आहिस्ता." आणि मला काय झालं ते अजून मला नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं दुकानात बसून मी जे काही केलं, त्यात असं लगेच, डोळ्यांसमोर, काहीतरी पुरं झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. अजून एक पाहिजे होता.

ते इवायानं पाहिलं. ते नेटजवळून दोन पावलं मागे आले आणि म्हणाले, "या इवाई, माह्या जाग्यावर या. मी बसतो जरासा."

मी म्हणालो, "हो."

बाहेरच्या माणसाला यात काही चूक दिसणार नाही. पण आमच्याकडे इवायाला इवाई काहीही देऊ करतो आणि दुसऱ्यानं ते घ्यायचं नसतं. चहा विचारला की आत्ताच घेतला म्हणायचं. बाजेवरून उठून जागा दिली की बाजेच्या कडेला टेकायचं आणि त्यांना हाताला धरून पुन्हा खाली बसवायचं. पोरीच्या लग्नात जीपमध्ये पुढे कोणी बसावं यावरून आम्ही दोघं इतका वेळ उभे होतो की शेवटी ड्रायव्हरनं पुढच्या सीटवर अहेराच्या पिशव्या ठेवल्या आणि आम्ही दोघंही मागे बसलो. त्यात मी मुलीचा बाप. घ्यायचा हक्क असलाच तर त्यांचा, नाही म्हणायचं काम माझं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी स्वतः लोकांना शिकवत आलो होतो. आणि त्या संध्याकाळी मी "नाही नाही, तुमीच खेळा" म्हणायचं सोडून हो म्हणालो आणि चपला काढून नेटजवळ जाऊन उभा राहिलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. एक डाव म्हणून खपून गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी मैदानावर गेलो आणि त्याच जागी उभा राहिलो. इवाई आले. त्यांनी मला पाहिलं. क्षणभर थांबले. मग बाकाकडे वळले आणि म्हणाले, "खेळा, खेळा."

मी खेळलो. तिसऱ्या दिवशीही खेळलो. माझ्या उंचीमुळे नेटजवळची जागा मला फळली, असं सगळे म्हणत होते. मी ते कानात साठवत होतो. दुपारी जेवण झालं की मला घड्याळ दिसायचं. आभाळ आलं की मी आभाळावर चिडायचो. नात्यातल्या एका लग्नाला अंगात कणकण आहे असं सांगून गेलो नाही आणि संध्याकाळी मैदानावर होतो. कॅनव्हासचे बूट आणले. ते घालताना वाकायला त्रास व्हायचा, म्हणून आधी पायरीवर बसायचो. बायको बघत राहायची.

"रिकामटेकड्याचा धंदा हाय म्हणे," ती म्हणायची.

"व्यायाम हाय."

"हाव. म्हणूनच सपनात हात हलवता."

शाळेतल्या एका तरुण मास्तरांनी माझा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. या वयातली जिद्द, नव्या पिढीला प्रेरणा, वगैरे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मला तो फोटो आवडला नाही. का आवडला नाही, ते मी स्वतःला विचारलं नाही. फोटोत मागे बाक दिसत होता आणि बाकावर कोणी नव्हतं.

कारण तोवर इवाई यायचे बंद झाले होते. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, गुडघे धरले. ते मीही ऐकलं आणि मीही पुढे सांगितलं. कोणी विचारलं की मान हलवून म्हणायचो, "वय झालं, गुडघे हाय ना." इवायाच्या घरावरून मैदानावर जाताना पावलं थोडी भराभर टाकायचो.

मुलगी आली तेव्हा तिनं मला इकडचं-तिकडचं बोलूच दिलं नाही. मला वाटलं आईला भेटायला आली असेल. ती सरळ माझ्या समोर बसली.

"बाबा, मामाजीचं काय चालू हाय ते तुमाले मालूम हाय का?"

"गुडघे ना?"

"कायचे गुडघे? सकाळी पायी वावरात जातात, पायी येतात. दिवसभर ठीक असतात. पाच वाजले की घरात येरझाऱ्या. मी वांगे कापून राह्यली तर म्हणतात, मोठे झाले. टीव्ही लावला तर आवाज कमी कर. कमी केला तर म्हणतात, ऐकू नाही येत. पोराची दप्तराची पिशवी काढून पुन्हा भरतात. माह्यं डोकं उठलं बाबा."

"मंग मी काय करू?"

"अन् मंग गच्चीवर जातात. टाकी पाह्यतो म्हणतात. रोज टाकीत काय पाह्याचं असते हो? शिडीवरून जातात, लोखंडी शिडीवरून. गुडघे गेलेला माणूस शिडी चढतो का?"

बायको आतून म्हणाली, "विचार त्याइले, जागा कोणाची हाय ते." म्हणजे तिला सगळं माहीत होतं. बायकांना असल्या गोष्टी कोण सांगतं हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी खेळताना मी इवायाच्या गच्चीकडे पाहिलं. आधी कधी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहायचं टाळलं होतं. कठड्याच्या वर एक टोपी दिसत होती. चेंडू डावीकडे गेला की टोपी डावीकडे व्हायची. मी तो चेंडू सोडला आणि आमच्या बाजूचे सगळे माझ्यावर ओरडले.

आता जागा परत करायची होती. सोपं वाटलं. मी त्यांच्या घरी गेलो, चहा नको म्हणालो, मग घेतला, आणि म्हणालो, "इवाई, उद्यापासून तुमी या तुमच्या जाग्यावर."

"नाही नाही," ते म्हणाले. "तुमचं चांगलं जमलं आता. तुमीच खेळा."

"मी थकतो."

"थकल्यावर बसाव जरा. मंग पुन्हा खेळाव."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी देत होतो, म्हणून ते नाही म्हणत होते. रीत तीच होती. मी जितका आग्रह करीन तितके ते मागे सरणार. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि ते दर वेळी इतक्या प्रेमानं नाही म्हणाले की मला राग यायला लागला. माझ्यावर यायला हवा होता तो त्यांच्यावर येत होता. मनात म्हणायचो, अरे बाबा, तुला खेळायचं आहे, गच्चीवर टोपी घालून बसतोस, मग हो म्हण ना. मी म्हणालो होतो की नाही?

आणि यात अजून एक गोष्ट आहे, ती लिहिली नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्यांनी नाही म्हटलं की मला बरं वाटायचं. घरी येताना मी हलका व्हायचो. आपण विचारलं, ते नाही म्हणाले, संपलं. आणि पाच वाजता बूट घालायचो.

मग मी नाटक केलं. कंबर धरली असं जाहीर केलं आणि घरी पडून राहिलो. मला वाटलं, जागा रिकामी दिसली की ते आपोआप जातील. त्यांनी मैदानाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तेलाची बाटली घेऊन माझ्या घरी आले. हिवरा आश्रमाच्या यात्रेत कोणाकडून तरी घेतलेलं, कसल्यातरी मुळ्या घातलेलं तेल. उशाशी बसले आणि पाच वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही आले. आम्ही दोघं धडधाकट म्हातारे, एक न दुखणारी कंबर धरून आणि एक न दुखणारे गुडघे घेऊन एका खोलीत बसलो होतो आणि बाहेरून चेंडूचा आवाज येत होता. चेंडू जोरात वाजला की ते बोलताना थांबायचे. मीही थांबायचो.

बायको चहा ठेवताना म्हणाली, "तेल कोणाले लावू? दोघाइलेबी लावू का?"

इवाई हसले. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाचच्या आधी मी उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. मुलीनं वर बोट दाखवलं. मी शिडी चढलो. खेळानं पाय बरे झाले होते, एवढा फायदा मान्य करायला हवा. इवाई कठड्याशी पालथ्या घमेल्यावर बसले होते. मला पाहून उठले आणि टाकीचं झाकण उघडून आत बघायला लागले.

"पाणी हाय का?" मी विचारलं.

"हाय."

"इवाई, माही कंबर दुखत नाही."

"मालूम हाय."

"अन् तुमचे गुडघे."

त्यांनी झाकण लावलं. खाली मैदानावर नेट बांधत होते. मी म्हणालो, "तुमी त्या दिवशी या म्हणाले, अन् मी हो म्हणलो. मी हो म्हणायले नव्हतं पाह्यजे."

"मी एका डावापुरतं म्हणलो होतो," ते खाली बघत म्हणाले.

"मंग दुसऱ्या दिवशी मले उठवलं काऊन नाही?"

"इवायाले उठवतात का?"

"मंग आता घ्या ना जागा."

"नाही, नाही. तुमीच..."

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज चढला. खाली अंगणात मुलगी थबकली असणार. "मी देऊन नाही राह्यलो. मले द्यायचीच नाही. मले खेळ आवडते. मले रातभर दुसरं काही सुचत नाही. मी दिली तर तुमी नाही म्हणसान, अन् तुमी नाही म्हणले का मले बरं वाटते. हे असंच चालत राहीन. म्हणून मी देत नाही. तुमी मागा."

आयुष्यात त्या माणसानं कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पोरीच्या लग्नातही आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"जागा माही हाय, इवाई," ते म्हणाले. "सोडा."

"सोडली," मी म्हणालो. आणि तो शब्द तोंडातून निघताना मी खाली नेटकडे बघत होतो, हेही खरं आहे.

ते शिडीवरून माझ्या आधी उतरले. मैदानावर गेले, चपला काढल्या आणि आपल्या खोलगट जागेत उभे राहिले. शिंपीचाचांनी पलीकडून विचारलं, "आ गये? घुटने का क्या हुआ?" गुडघ्यांचं सोडलं तर इवाई कधी खोटं बोलत नाहीत, पण मला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नव्हतं त्यांना. ते म्हणाले, "इवायाच्या घरी तेल होतं. त्यानं फरक पडला." तेल त्यांचंच, ते माझ्या घरी होतं हे खरं, आणि फरक कशानं पडला ते सगळं गाव आता मला विचारतं. तेल नाही एवढंच मी म्हणत आलो, खरं काय ते आजवर सांगितलं नाही, कारण सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं. आता सांगितलं. त्या माणसाच्या गुडघ्यांना कोणी नावं ठेवू नयेत. त्यांनी खेळ सोडला नव्हता. मी त्यांच्या जागेवर उभा होतो आणि ते सभ्य होते, एवढंच.

आता मी पंधरावा आहे. रोज जातो. बाकावर बसतो. मला कोणी या म्हणत नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की म्हणू नका, कारण मी हो म्हणतो. इवायालाही सांगितलं आहे. त्यांना ते जड जातं. डाव संपला की ते माझ्याकडे बघतात आणि तोंड उघडून पुन्हा मिटतात.

कोणी गैरहजर असेल तरच मी आत जातो. त्यामुळे माझी वृत्ती बिघडली आहे. गावात कोणाकडे पाहुणे आले की मला आनंद होतो. कोणाची मका काढायला आली, कोणाची सून माहेरी गेली आणि म्हैस दुहायला घरी थांबावं लागणार, असं कानावर आलं की मी मनात माणसं मोजायला लागतो. बायकोनं हे ओळखलं आहे. परवा ती म्हणाली, "शिंपीचाचाले ताप हाय म्हणते." मी लगेच उठलो आणि बूट शोधायला लागलो. मग लाज वाटली. आधी त्यांच्या घरी गेलो, तब्येत विचारली. ते पांघरुणातून बघून म्हणाले, "आप मेरी तबियत पूछने आये, या मेरी जगह?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"जाओ फिर," ते म्हणाले. "पाँच बज गये."

मी गेलो. इवाई नेटजवळ उभे होते. मी पलीकडे, शिंपीचाचांच्या जागी, त्यांच्या समोर. त्यांनी पहिलाच चेंडू माझ्यावर असा हाणला की माझ्या हातावरून तो थेट शाळेच्या भिंतीवर गेला. इवायाला कोणी असं मारतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते नेटच्या पलीकडून, दातातली फट दाखवत, हसत होते.

"आणा चेंडू," ते म्हणाले. "तुमच्यापासून गेला, तुमीच आणाव लागते."

मी आणायला गेलो.